बालवीरांना एका ध्वजाखाली आणणारे पंडित हृदयनाथ कुंझरू

गळ्यात स्कार्फ बांधून शाळेच्या मैदानावर उभे राहणारे बालवीर आणि वीरबाला आज एकाच संघटनेचे सभासद असतात. ही एकी सहजासहजी साधलेली नाही. तिच्यासाठी झटणाऱ्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजी काश्मिरी पंडित घराण्यात झाला. वडील अयोध्यानाथ हे अलाहाबादचे नामांकित वकील आणि काँग्रेसचे पुढारी. परंतु हृदयनाथ अवघे चार वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. तरुण वयातच त्यांना गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास लाभला. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सभासदत्व त्यांनी १९०९ मध्ये स्वीकारले. अल्प वेतनावर आजन्म देशसेवा हे तेथील व्रत होते. पत्नीचे अकाली निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९३६ पासून अखेरपर्यंत ते समाजाचे अध्यक्ष होते.

भारतात बालवीर चळवळ १९०९ साली बंगळुरात आली खरी. परंतु प्रारंभी तिची दारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. हा अपमान मुकाट्याने न सोसता मद्रासेत ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी पथके उभारली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, श्रीराम वाजपेयी आणि कुंझरू यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची बालवीर संघटना स्थापन केली. यात्रेतील गर्दीत हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, हे त्या मुलांचे शिक्षण होते.

१९३७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय मेळावा भरला. चळवळीचे जनक बेडन-पॉवेल त्यास उपस्थित होते. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला, आणि पुढील वर्षी हिंदुस्थान स्काउट संघटना अस्तित्वात आली. देश स्वतंत्र झाला तेव्हा बालवीर असे दुभंगलेले होते. वाजपेयी, कुंझरू आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी जुने मानापमान बाजूला सारून वाटाघाटी केल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली. कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सही तीत विलीन झाल्या.

राष्ट्रीय छात्रसेनाही त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून १९४८ साली उभी राहिली. दिल्लीकरांच्या परिचयाचे सप्रू हाउस हे ज्या भारतीय विश्व कार्य परिषदेचे घर, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

राज्य पुनर्रचना आयोगाचे ते सदस्य होते. १९५५ च्या त्या अहवालाने द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला, आणि मराठी जनांचा रोष ओढवून घेतला. पुण्यात दीक्षा घेतलेल्या या देशसेवकाविषयी महाराष्ट्राच्या मनात ती सल दीर्घकाळ राहिली. लोकप्रियतेसाठी मत बदलणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. संविधान सभेत त्यांनी पदव्या व सन्मानांना विरोध केला होता. म्हणून भारतरत्न देऊ केले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले.

३ एप्रिल १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. बालवीरांसाठी मात्र त्यांनी एक गोष्ट मिळवून ठेवली : ज्या चळवळीच्या दारातून भारतीय मुलाला एके काळी परत फिरावे लागत होते, तिचा गणवेश आज कोणत्याही शाळेतील कोणत्याही मुलाला अभिमानाने धारण करता येतो.