बसमधली जागा आणि वाचनालयातली खुर्ची

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण परिषदा, सत्याग्रह आणि राज्यघटना या टप्प्यांनी सांगतो. ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही तेच चरित्र दोन साध्या गोष्टींच्या आधारे मांडणार आहोत. एक म्हणजे प्रवासाचे वाहन आणि दुसरे म्हणजे वाचायचे पुस्तक. माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावात, जिथे पाळीला जाणारा कामगार आणि भद्रावती-वरोऱ्याला शिकायला जाणारी पोरगी दोघांचाही दिवस गाडीच्या वेळेवर चालतो, तिथे या दोन गोष्टींचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

1901 सालची गोष्ट. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेला दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचा मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. पोरांची जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि वर अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, मालक पायी चालणार. बैल बाटत नव्हते, गाडी बाटत नव्हती, पैसा तर मुळीच बाटत नव्हता. बाटत होता तो फक्त माणूस! त्या रात्री पोरांजवळ भाकरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून ती उपाशीच झोपली.

अशा मुलाला पुस्तकापर्यंत कोणी पोहोचवले? पहिले श्रेय सुभेदार रामजींचे. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली होती. त्यातच चूल, जाते, सरपण आणि शेळी. रामजी मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. पेन्शन तुटपुंजी होती. भीमाने पुस्तक मागितले की हा बाप लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाई, उसने पैसे मागे, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवी आणि पेन्शन आली की सोडवून देई. आपल्या चळवळीची पहिली ग्रंथखरेदी लेकींच्या दागिन्यांवर झाली, हे आमच्या भगिनींनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

दुसरे श्रेय कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींचे. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराला सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. तेच बोले 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव आणतात आणि त्या ठरावाच्या बळावर 1927 साली महाडचे चवदार तळे पेटते. एका मॅट्रिकच्या पोराच्या सत्कारात किती मोठा इतिहास बसला होता!

1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक भेटले. सिनेमा, चैन यांवर पैसा गेला नाही. तो गेला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. सुमारे दोन हजार ग्रंथ जमले. ते भारतात पाठवण्यासाठी एका मित्राकडे सोपवले, पण त्यातले बरेचसे गहाळ झाले. पुढे 1917 मध्ये लंडनहून परतताना सामान दुसऱ्या बोटीने पाठवले, तर महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली. पदव्यांचा हा धनी मायदेशी आला तो ग्रंथांना मुकूनच.

आणि मायदेशाने काय दिले? बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने बाहेर काढले. परदेशात वाचनालयाच्या दारात ज्याला कोणी जात विचारली नाही, त्याला स्वदेशात बागेतल्या झाडाखाली बसून अश्रू ढाळावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, अर्धपोटी राहून वाचायचे. त्यातूनच रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आणि 1923 ची डी.एस्सी. आली.

इथे वाचकांनी एक गोष्ट नीट पाहावी. स्वतः शिकून मोठे झाल्यावर बाबासाहेबांनी दार आतून लावून घेतले नाही. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे तिचे लिखित उद्दिष्ट होते. बॅरिस्टर झालेल्या माणसाचीही वाहनाची अडवणूक मात्र संपली नव्हती. 1929 मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना बसवून नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने आणला, पण हाकायला न शिकलेला आपलाच माणूस बसला आणि पुलावर टांगा उलटून साहेबांचा पाय मोडला. जातीव्यवस्था हाडे कशी मोडते, याचा हा शब्दशः पुरावा आहे. 1934 मध्ये कार्यकर्त्यांसह दौलताबादला गेले असता किल्ल्यावरच्या हौदाच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून शिवीगाळ ऐकावी लागली.

याच काळात दादरला राजगृह उभे राहिले, तेही ग्रंथांना घर हवे म्हणून. चार मिनार ही इमारत पुढे त्यांनी विकली. राजगृह आणि त्यातले ग्रंथ मात्र राखले. 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि साहेबांच्या संग्रहातले ग्रंथ तिथल्या गरीब मुलांच्या हाती गेले.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर आणि 16 ऑक्टोबरला आपले चांदा. बॅरिस्टर राजाभाऊ खोबरागडे यांच्या पुढाकाराने चांद्याला तो भाग्याचा दिवस लाभला. 1907 मध्ये हाती पडलेल्या बुद्धचरित्राचे ऋण बाबासाहेबांनी अशा रीतीने फेडले. 5 डिसेंबरच्या रात्रीही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरच काम करीत होते. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला लेखक नव्हता.

आता आम्ही वकील म्हणून दोन शब्द बोलतो. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या कायद्याने, ज्याला 1976 पासून आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, सार्वजनिक वाहनात अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा ठरवला. आज एसटीत आपली माणसे खिडकीजवळ निर्धास्त बसतात. त्या बसण्यामागे मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा आहे. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही आहे. वाचनालय हे दान नव्हे, तो शासनाच्या जबाबदारीचा भाग आहे.

परंतु कायदा दार उघडून देतो, आत जायचे आपल्यालाच असते. आपल्या भागातल्या कित्येक विहारांत बाबासाहेबांचे खंड कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. किल्ली अध्यक्षांच्या घरी! जयंतीला हजारोंची वर्गणी होते, डीजे वाजतो, पण वर्तमानपत्राचे महिन्याचे बिल द्यायला पैसे नसतात. बसची फेरी बंद झाली की सर्वात आधी आमच्या मुलीची शाळा सुटते, तरी त्यासाठी आगाराकडे अर्ज करायला कोणी पुढे येत नाही. हे बाबासाहेबांना शोभणारे आहे काय?

माजरीच्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच की या वर्षावासात विहारातले कपाट उघडा. संध्याकाळी दोन तास दिवा, चटई आणि पुस्तक एवढे पुरे. पाळीवरून आलेल्या बापाने पोराजवळ बसावे, वाचता येत नसेल तर ऐकावे. मुलींच्या वेळेची बस नसेल तर गावाच्या सह्या घेऊन आगारप्रमुखाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. हक्क कागदावर मागायला आपल्याला त्याच माणसाने शिकवले आहे, ज्याला पोरपणी एका बैलगाडीने नाकारले होते.