फादर न्यूलंड आणि कार्बाइडचा वायू

पूर्वी जत्रेत मिठाईच्या दुकानांवर कार्बाइडचे दिवे जळत. त्यांचा तो उग्र वास आमच्या वयाच्या वाचकांना नक्की आठवत असेल. कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडले की अॅसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगवालेही हाच वायू वापरतात. ह्या एका वायूचा पिच्छा एका धर्मगुरूने तीस वर्षे पुरवला. त्यांचे नाव फादर ज्युलियस न्यूलंड.

१४ फेब्रुवारी १८७८ रोजी बेल्जियममधील हान्सबेके गावी त्यांचा जन्म झाला. ज्युलियस लहान असतानाच आईवडील अमेरिकेत इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे आले. तिथल्या नोत्र दाम विद्यापीठातून १८९९ साली ते पदवीधर झाले, होली क्रॉस संघात गेले आणि १९०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्या अभ्यासातच एक प्रसंग घडला. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता दोन पदार्थांची जुळणी करून देणारा, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. फादरांनी अॅल्युमिनियम क्लोराइड हा मध्यस्थ घेऊन अॅसिटिलीन आणि आर्सेनिकचे एक क्लोराइड एकत्र आणले. जे तयार झाले त्याच्या वाफेने ते इतके आजारी पडले की काही दिवस त्यांना रुग्णालयात राहावे लागले. त्यांनी ती वाट तिथेच सोडली. प्रबंधात मात्र नोंद राहिली.

नोत्र दामला परतल्यावर चौदा वर्षे त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले. १९०९ साली निसर्गविज्ञानाचे एक नियतकालिकही सुरू केले. वायूचे वेड मात्र सुटले नव्हते. १९१८ पासून ते सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण त्याच वर्षी, महायुद्ध चालू असताना, विन्फर्ड ली लुईस ह्या लष्करी रसायनशास्त्रज्ञाच्या हाती वॉशिंग्टनमध्ये तो जुना प्रबंध पडला. त्यातून त्यांनी अंगाला फोड आणणारा विषारी वायू बनवला. त्याला लुईसाइट म्हणतात. तो रणांगणावर पोहोचण्याआधीच नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, हे आपले नशीब.

फादरांनी आता दुसरा मध्यस्थ धरला, तांब्याचे क्लोराइड. त्याच्या साहाय्याने अॅसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडता येतात, हे १९२० च्या सुमारास त्यांनी दाखवले. १९२५ साली रॉचेस्टर येथील परिषदेत त्यांनी हे काम मांडले, तेव्हा ड्युपॉन्ट कंपनीचे एल्मर बोल्टन श्रोत्यांत होते. पुढे कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ह्याच पायावर नवे रबर बनवले आणि १९३१ साली ते जाहीर केले. तेच निओप्रीन. तेलाने, उन्हाने ते साध्या रबरासारखे खराब होत नाही. आमच्यापैकी कित्येकजण गुडघ्याला जो पट्टा बांधतात तो बहुधा निओप्रीनचाच असतो. चप्पल चिकटवण्याच्या रबरी गोंदातही ते असते.

फादर दारिद्र्याचे व्रत घेतलेले! शोधाच्या हक्काचा पैसा विद्यापीठाला गेला, त्यांच्या खिशात आला नाही. ११ जून १९३६ रोजी ते वॉशिंग्टनला आपल्या जुन्या विद्यापीठाच्या भेटीस गेले असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्या विषाची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुईसाइट शरीरात नेमके कुठे घाव घालते ते शोधले. पेशींना अन्नातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या एका विकरातील गंधकाला आर्सेनिक घट्ट पकडते. म्हणून त्यांनी गंधकाचे दोन हात असलेला एक लहान रेणू तयार केला. तो आर्सेनिकला स्वतःकडे ओढून घेतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. पुढे हेच औषध आर्सेनिक आणि पारा यांच्या विषबाधेवर आणि शरीरात तांबे साचणाऱ्या विल्सनच्या आजारावरही वापरले गेले. ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचतात, आणि म्हणून डॉक्टर आधी रुग्णाला शेंगदाणे चालतात ना, असे विचारून घेतात.