किरणांच्या वाटेवरचा माणूस

आंब्याच्या दिवसांत लांज्यातल्या चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर किरण सोडतात, ते आंब्यातच राहतात का? बँकेत बागायतदारांची कर्जप्रकरणे करताना मलाही तो विचारला जाई आणि मी विषय बदलत असे. निवृत्तीनंतर उत्तर शोधू लागलो, तेव्हा गाठ पडली ती होमी भाभांशी.

१९०९ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही घरच्यांची इच्छा. त्यासाठीच १९२७ साली ते केंब्रिजला गेले. ती परीक्षा पहिल्या वर्गात देऊन वडिलांचा शब्द राखला आणि मग मनाजोगते पदार्थविज्ञान धरले. वेगवान इलेक्ट्रॉन हवेत शिरला, की त्यातून प्रकाशकण, त्यांतून पुन्हा इलेक्ट्रॉन, अशी सर कशी कोसळते, हे त्यांनी १९३७ साली हाइटलरबरोबर मांडले. १९३९ साली सुटीवर घरी आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५६ साली ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी.

अन्नावरच्या किरणांचा अभ्यास पुढे ट्रॉम्बेतच वाढला. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण आंब्यातून निघून जातात. आंबा किरणोत्सारी होत नाही. मात्र जाता जाता ते रेणू मोडतात, पाण्याचे तसेच प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचेही. इलेक्ट्रॉनची जोडी फुटलेले हे तुकडे म्हणजे मुक्त मूलक. पातळ द्रावणात ते क्षणात कुणाला तरी भिडून संपतात. तेच द्रावण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवले, तर मूलक जागच्या जागी अडकतात आणि चुंबकीय क्षेत्रात ठेवून मोजता येतात. ऊब देत गेले, की एकेक प्रकार सुटून नाहीसा होतो. हे प्रयोग भाभांचे नव्हेत. पण किरण पदार्थातून जाताना काय घडते, हा प्रश्न त्यांचाच. गोठवलेल्या कोळंबीवर किरण सोडतात तेही याचसाठी: जंतू मरतात, चव फारशी बिघडत नाही.

आता टपरीवर मी विषय बदलत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँवर आदळले. ११७ जण गेले. तिथली हिमनदी आता वितळत चालली आहे. २०२० साली तिच्यातून त्या विमानातली भारतीय वर्तमानपत्रे बाहेर आली, इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी छापलेली.