विश्लेषण : हॉलिवूडची डॉज कुर्ल्यात कशी तयार होऊ लागली? वालचंद हिराचंद यांचा मोटारीचा ध्यास काय होता?

पेंधर ते बेलापूर मेट्रोत बसलेला एखादा मुलगा मोबाइलवर 'फास्ट अँड फ्युरियस'ची क्लिप पाहत असतो. काळी डॉज चार्जर, बॉनेटमधून वर आलेलं इंजिन, धूर सोडणारी मागची चाकं. याच डॉज नावाच्या गाड्या तळोज्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, कुर्ल्यात तयार होत असत, हे त्याला कुणी सांगितलं तर पटणार नाही. ही डॉज कुर्ल्यात आणणारा माणूस सोलापूरचा होता, आणि मोटार हा त्याच्या आयुष्यातला एकमेव हट्ट नव्हता.

मसल कार म्हणजे नेमकं काय?

मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन बसवायचं, हा अमेरिकी कंपन्यांचा 1960च्या दशकातला उद्योग. 1964च्या पॉन्टियॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं साधारण मानलं जातं. सिनेमाने तिला घराघरात नेलं. 1968च्या 'बुलिट'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी फोर्ड मस्टँग आणि खलनायकांची काळी डॉज चार्जर यांचा पाठलाग आहे. त्या चार्जरमध्ये 440 घन इंचांचं, म्हणजे सुमारे 7.2 लिटरचं इंजिन होतं आणि कंपनीच्या दाव्यानुसार ताकद 375 अश्वशक्ती. आजच्या आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन बहुधा 1.2 लिटरचं असतं, यावरून अंदाज यावा. 1971च्या 'व्हॅनिशिंग पॉइंट'मधली पांढरी चॅलेंजरही डॉजच आणि 1983च्या 'क्रिस्टीन'मधली झपाटलेली लाल गाडी प्लिमथ. डॉज आणि प्लिमथ ही दोन्ही नावं क्रायस्लर कंपनीची. कुर्ल्याचा करार झाला तो याच क्रायस्लरशी.

वालचंद हिराचंद कोण होते?

23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. दोशी कुटुंब मूळ सौराष्ट्रातलं, दिगंबर जैन, पण सोलापुरात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी होती, शिवाय जैन समाजातले सुधारक म्हणून त्यांचं नाव होतं. वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, मात्र पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यातही त्यांचं मन रमलं नाही.

लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ त्यांना भागीदार म्हणून मिळाले. पेढी वालचंदांची आणि रेल्वेच्या कामाची माहिती फाटकांची, अशी ही जोडी. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची ठेकेदारी सुरू झाली. पुढे टाटांबरोबरच्या बांधकाम कंपनीतून बोरघाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीचं काम झालं. पनवेलहून कर्जतमार्गे पुण्याला रेल्वेने जाणारा प्रवासी आजही त्या घाटातल्या बोगद्यांतून जातो, बोगदे कुणी खोदले हे मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर वालचंदांनी जहाज विकत घेतलं. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडची 'लॉयल्टी' ही बोट युद्धात इस्पितळ-जहाज म्हणून वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी निघाली आणि 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. देशात हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश बोट कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाचा जीव नकोसा केला, कंपनी विकत घेण्याचीही तयारी दाखवली. अखेर 1923मध्ये करार झाला. कंपनी वाचली, पण तिला बराच काळ किनारी वाहतुकीपुरतं बांधून घ्यावं लागलं. साखरेचे उद्योग त्यानंतरचे: इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, मालेगावजवळचं रावळगाव. ज्या रावळगावच्या गोळ्या दोन-तीन पिढ्यांनी चघळल्या, त्या याच घराण्याच्या.

मोटारीचा विचार कुठून आला?

मोटार भारतात बनावी ही योजना एम. विश्वेश्वरय्या यांची. 1930च्या दशकात त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून मुंबईसाठी आराखडा तयार केला होता. 1937मध्ये आलेल्या मुंबईच्या काँग्रेस सरकारने त्यात रस दाखवला, पण 1939मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि आधार गेला. योजना वालचंदांनी सोडली नाही. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले.

अडचण अशी होती की, फोर्डचा भारतातला व्यवहार कॅनडातल्या फोर्ड कंपनीच्या अखत्यारीत होता. जनरल मोटर्सचा तर 1928पासून शिवडीत स्वतःचा जुळणी कारखाना चालू होता. सुटे भाग खोक्यांतून आणायचे, इथे नट-बोल्ट आवळायचे आणि गाडी विकायची, यात दोघांचं बरं चाललं असताना हिंदी माणसाला गाडी बनवण्याचं तंत्र देण्यात त्यांना काय स्वारस्य असणार? क्रायस्लरचं तसं नव्हतं. वालचंदांचं जमलं ते तिथे.

परतीच्या वाटेवर, विमानात, त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवत होता. मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाची कल्पना घेऊन आले! डिसेंबर 1940मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, आजची एचएएल. जून 1941मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली.

मग मोटार का अडली?

विमान ब्रिटिश सरकारला युद्धासाठी हवं होतं. मोटारीची तशी निकड सरकारला वाटत नव्हती. हा युद्धोपयोगी उद्योग नाही, असं सरकारने ठरवलं. तसं ठरल्यावर यंत्रांसाठी डॉलर आणि जहाजावर जागा मिळणं अवघड. लष्कराला हजारो ट्रक लागत होते, तरी ते इथे बनवण्यापेक्षा बाहेरून आणणंच पसंत केलं गेलं. विमान कारखान्याचंही सुख फार टिकलं नाही. 1942मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन टाकला. पाच वर्षांच्या धावपळीनंतर, 1944मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाइल्स कागदावर आली. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या 1947मध्ये.

कुर्ल्याच्या डॉजमध्ये कोणतं इंजिन होतं?

इथे 'बुलिट'ची चार्जर डोळ्यांपुढून बाजूला करावी लागते. कुर्ल्याच्या डॉज आणि प्लिमथमध्ये मुख्यतः क्रायस्लरचं एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं 'फ्लॅटहेड' इंजिन असे. क्षमता सुमारे 3.6 लिटर, ताकद 95 अश्वशक्तीच्या आसपास. यात व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नसतात, तर सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. त्यामुळे हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण. बोल्ट सोडले, झाकण उचललं, गॅस्केट बदललं, काम झालं. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला समजेल असं हे यंत्र. पण हवा आत-बाहेर जायला वळणाची वाट, त्यामुळे वेग वाढला की इंजिनाला धाप लागते.

क्रायस्लरने 1951मध्ये अमेरिकेत अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचं व्ही-8 आणलं. त्यात व्हॉल्व्ह वर, समोरासमोर, हवेला मोकळी वाट. 5.4 लिटर, 180 अश्वशक्ती. सिनेमा आणि शर्यतींमुळे गाजलेल्या 'हेमी' इंजिनांचं घराणं ते हेच. डेट्रॉईट त्या वाटेने गेलं, कुर्ला फ्लॅटहेडवर राहिलं. डॉलर मोजून आणायचे आणि पेट्रोलही आयातच, अशा देशात 7 लिटरच्या इंजिनाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

तरी कुर्ल्याच्या गाड्यांचा दिमाख कमी नव्हता. फुगीर मडगार्ड, क्रोमची जाळी, मागच्या सीटवर ऐसपैस चौघं. 1950च्या दशकातल्या कृष्णधवल हिंदी चित्रपटांत शेठजी, स्मगलर किंवा श्रीमंत नायिका ज्या लांबरुंद गाड्यांतून उतरतात, त्यांत डॉज, प्लिमथ, ब्युइक, शेवरले यांची वर्दळ असे. 1958च्या 'चलती का नाम गाडी'त तर 1928ची खटारा शेवरले पोस्टरवरच्या तीन भावांइतकीच लक्षात राहिली. पडद्याबाहेर याच अमेरिकी गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणूनही धावल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा काहींच्या पोटात डिझेल इंजिन आलं. आवाज ट्रकचा, रुबाब मात्र सिनेमातला. ट्रकच्या बाबतीत कुर्ल्याने आणखी एक गंमत केली: जवळपास एकच ट्रक डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी विकला.

ही गाडी स्वदेशी होती का?

सुरुवातीला नव्हती, हे मान्य करावं लागतं. शिवडीप्रमाणे कुर्ल्यातही जुळणीच होती, इंजिनं डेट्रॉईटचीच. फरक उद्दिष्टात होता. टप्प्याटप्प्याने एकेक भाग इथे घडवायचा, हे वालचंदांनी आधीपासून धरलेलं होतं. सरकारी धोरण या टोकाला यायला 1953 उजाडलं. गाडी प्रत्यक्ष बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्यांनी गाशा गुंडाळावा, अशी त्या वर्षीच्या टॅरिफ कमिशनची दिशा होती. जनरल मोटर्स आणि फोर्डने 1954मध्ये भारतातली जुळणी थांबवली. प्रीमियर टिकली.

वालचंदांना ते पाहता आलं नाही. मार्च 1948मध्ये त्यांच्या विशाखापट्टणमच्या गोदीतलं 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि 1950मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने उभारलेला हा माणूस सत्तर वर्षांचा होता.

कुर्ल्याच्या कारखान्याचं पुढे काय झालं?

त्यांच्या हयातीतच कंपनीने इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता. लहान इंजिन, कमी पेट्रोल. अमेरिकी डॉज हळूहळू मागे पडली आणि फियाट 1100 मुंबईची गाडी झाली, 1970च्या दशकात तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. काळ्या-पिवळ्या रंगातली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तळोज्याच्या बाजूला पेंधरपर्यंत मेट्रो सुरू झाली ती त्यानंतर तीनच आठवड्यांत, 17 नोव्हेंबरला.