शेगडीतली आगगाडी

रेने माग्रीत याचा जन्म २१ नोव्हेंबर १८९८ रोजी बेल्जियममधील लेसिन या गावी झाला. तो तेरा वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याची आई सांब्र नदीत बुडून मरण पावली. या आघाताविषयी तो पुढे क्वचितच बोलला.

ब्रुसेल्सच्या कला-अकादमीत तो चित्रकला शिकला. पोटासाठी त्याने भिंतींवर चिकटवायच्या कागदांची नक्षीही काढली. १९२२ साली जॉर्जेत हिच्याशी त्याचा विवाह झाला. १९२७ साली ब्रुसेल्समध्ये भरलेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनास टीकाकारांनी नाके मुरडली. तेव्हा तो पॅरिसला गेला. स्वप्नातल्याप्रमाणे अद्भुत घडवू पाहणाऱ्या अतिवास्तववादी कलावंतांचा मेळा तेथे जमला होता. परंतु पैशाची ओढाताण होऊन १९३० साली त्याला माघारी यावे लागले.

ब्रुसेल्सच्या जेत या उपनगरात एका साध्या घराचा तळमजला त्याने भाड्याने घेतला. भावाच्या साहाय्याने जाहिरातींची चित्रे काढून तो चरितार्थ चालवी. निराळी चित्रशाळा त्याने थाटली नाही. एखाद्या कारकुनासारखा नीटनेटका पोशाख करून तो जेवणाच्या खोलीतच चित्रे रंगवीत बसे. अद्भुत शोधण्यासाठी दूर जावे, असे त्याला वाटेनासे झाले होते. घरातल्या नित्याच्या वस्तूच त्याला पुरत.

१९३८ साली त्याने एक खोली रंगविली. लाकडी जमीन, भिंतीत संगमरवरी चौकटीची शेगडी, वर घड्याळ, दोन मेणबत्तीदाण्या आणि मोठा आरसा. सारे कसे शांत! आणि त्या थंड शेगडीतून एक आगगाडीचे इंजिन धडधडत बाहेर येत आहे. त्याखाली रूळ नाहीत. ते अधांतरी आहे. धूर मात्र शहाण्यासारखा शेगडीच्या धुराड्यातच वर चढतो. नीट पाहिले तर दोन मेणबत्तीदाण्यांपैकी एकच आरशात उमटली आहे, हेही ध्यानात येते. हे सारे त्याने इतक्या चोखपणे रंगविले आहे की, पाहणाऱ्यास हसू येते आणि किंचित भीतीही वाटते.

हे चित्र लंडनच्या एडवर्ड जेम्स या संग्राहकासाठी होते. ते जिन्याच्या पायथ्याशी लागावे, म्हणजे वर जाणाऱ्या पाहुण्यांवर इंजिन चाल करून येईल, अशी माग्रीतची इच्छा होती. जेम्सने ते टांगले आपल्या शेगडीवर! पुढे, १९७० साली, शिकागोच्या कलासंग्रहालयाने ते मिळविले. त्यापूर्वीच, १५ ऑगस्ट १९६७ रोजी, माग्रीत ब्रुसेल्स येथे निवर्तला होता. जेतच्या ज्या घरात तो चोवीस वर्षे राहिला, तेथे १९९९ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडण्यात आले.