रसेल व्हेरियन : क्लायस्ट्रॉनचे जनक

रसेल व्हेरियन यांचा जन्म 24 एप्रिल 1898 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले, थिऑसॉफी मानणारे. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात हॅल्सियन या थिऑसॉफीवाद्यांच्या वसाहतीत राहिले. घरात पैसा बेताचाच होता.

रसेल यांना वाचन जमेना. शाळेत ते मंद ठरले. या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. त्यात बुद्धी कमी नसते, पण शिक्षकवर्गाला हे कळायला फार वर्षे लागली. नेटाने शिकून 1925 साली ते स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले, 1927 साली एम.ए. झाले. पुढे पीएच.डी.साठी गेले, तेव्हा त्याच विद्यापीठाने त्यांना प्रवेश नाकारला.

धाकटे बंधू सिगर्ड वैमानिक होते. रात्री आणि ढगांत विमान कसे दिसावे, ही त्यांची काळजी. त्यासाठी अतिशय आखूड रेडिओलहरी जोरदार हव्या होत्या, आणि त्या वेळच्या नळ्यांना ते साधत नव्हते. 1937 साली स्टॅनफर्डने दोघा भावांना जागा आणि वर्षाला 100 डॉलरचे सामान दिले. पगार नाही! त्या बदल्यात पेटंटच्या उत्पन्नातील निम्मा वाटा विद्यापीठाचा.

युक्ती रसेल यांची, हातकाम सिगर्ड यांचे, आणि तांब्याच्या पोकळीची कल्पना प्राध्यापक हॅन्सन यांची. नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. पहिल्या पोकळीत विद्युतक्षेत्र सतत उलटसुलट होत असते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन वेगावतात, काही मंदावतात. मागचे वेगवान पुढच्या मंदांना गाठतात आणि त्यांचे थवे बनतात. हे थवे दुसऱ्या पोकळीत आपली शक्ती टाकतात, त्यातून जोरदार मायक्रोवेव्ह मिळतात. ऑगस्ट 1937 मध्ये यंत्र चालले. क्लायस्ट्रॉन हे नाव किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेच्या ग्रीक शब्दावरून घेतले. आपल्या बेटावर त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको.

महायुद्धात रडारला क्लायस्ट्रॉनचा उपयोग झाला. 1948 साली 22,000 डॉलरच्या भांडवलावर भावांनी सोबत्यांसह व्हेरियन असोसिएट्स ही कंपनी काढली. मायक्रोवेव्हच्या बळावर इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्राने 1956 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एका लहान मुलाच्या डोळ्यातील कर्करोगावर उपचार केले, आणि त्याची दृष्टी वाचली.

हे रसेल यांच्या हयातीत घडले. जुलै 1959 मध्ये अलास्काच्या प्रवासात त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. दोन वर्षांनी सिगर्डही मेक्सिकोत विमान अपघातात गेले. विमान ते स्वतःच चालवीत होते.