सातारा जिल्ह्यातली ती पाहणी आणि धनंजयराव गाडगीळ



'गाडगीळ सूत्र' हे शब्द तुम्ही कुठे ना कुठे वाचलेच असतील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ते पाठ असतं. पण हे गाडगीळ कोण, असं विचारलं की बरेचजण गप्प होतात. मीही होत असे. नंतर कळलं की या माणसाने आपल्याच भागातल्या, म्हणजे त्यावेळच्या सातारा जिल्ह्यातल्या, प्राथमिक शाळांवर काम केलंय. मग त्यांची माहिती नीट जमवली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिकला झाला. शालेय शिक्षण नागपूरला आणि पुढचं केंब्रिजला. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उद्योगधंद्यांची वाढ कशी झाली यावर प्रबंध लिहिला. 1924 साली त्याचं पुस्तक निघालं, तेव्हा त्यांचं वय तेवीस. परत आल्यावर काही वर्षं ते सुरतच्या कॉलेजात प्राचार्य होते. मग 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. त्यासाठी देणगी दिली ती साताऱ्याच्या रावबहादुर काळे यांनी. संस्थेचे पहिले संचालक गाडगीळ झाले आणि 1966 पर्यंत, म्हणजे तब्बल 36 वर्षं, तेच संचालक राहिले.

आता या संस्थेत काम काय चालायचं ते बघा. 1933 साली पुण्याच्या बाजारात फळं कशी येतात आणि विकली जातात याची पाहणी. 1935 साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांमधल्या मोटार वाहतुकीची पाहणी. 1940 साली वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी. केंब्रिजमध्ये शिकलेला माणूस फळबाजार आणि सर्व्हिस मोटारींच्या मागे लागलाय, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं असेल. पण त्यांची पद्धतच ती होती. आधी मोजायचं आणि मगच बोलायचं.

1945 साली संस्थेने सातारा जिल्ह्यातली एक पाहणी प्रसिद्ध केली. विषय होता, शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होतो का? तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही त्यातच होते. सांगली-मिरज मात्र संस्थानं होती. पुढे 1949 ला जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं. म्हणजे ही पाहणी कुपवाडपासून एसटीने तासा-दोन तासांवरच्या गावांची आहे.

हा प्रश्न का विचारावा लागला, ते आपल्याला लगेच कळेल. शाळा किती उघडल्या, पटावर मुलं किती, खर्च किती, हे सगळं सरकारी कागदावर असतं. पण एखादं पोर पहिली-दुसरीतून उठून गुरं राखायला गेलं, त्याला दहा वर्षांनी पत्र वाचता येतं का, हे कुठल्याही हजेरीपटावर सापडत नाही. त्यासाठी शाळा सोडलेल्या माणसाकडेच जावं लागतं. पाहणीतून निघालं ते थोडक्यात असं : जो जितका कमी शिकून गेला, तितकं त्याचं अक्षर लवकर पुसलं गेलं. चौथीपर्यंत टिकलेल्यांचं वाचन-लेखन बऱ्यापैकी टिकलं.

त्यानंतर वि. म. दांडेकर या कामात आले. ते जन्माने साताऱ्याचेच, शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी दुसरी बाजू घेतली. मुलं शाळा मधेच का सोडतात आणि त्याच त्या इयत्तेत का अडकून पडतात? गळती आणि स्थगिती हे शब्द आपण प्रशिक्षणात ऐकून ऐकून कंटाळलोय, पण त्यांच्यामागे असं गावोगावचं काम आहे. दोन्ही अहवाल 1955 साली गाडगीळ आणि दांडेकर यांच्या नावाने एकत्र पुस्तकरूपात आले. पुढे 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानेही गळती-स्थगिती हा प्राथमिक शिक्षणाचा मोठा आजार मानला.

खरं सांगू? ऑनलाइन माहिती भरताना मीही वैतागतो. आमच्याकडे एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबं असतात. काम सुटलं की मार्चच्या आधीच पोरं दाखला न घेता निघून जातात. त्यांच्यापुढे काय लिहायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. पटसंख्या कमी दिसू नये म्हणून नाव तसंच ठेवावं असं मनात येतं. पण अशी नावं तशीच ठेवली, तर उद्या कुणी गाडगीळांसारखा मोजायला आला तरी ते पोर त्याला सापडणार नाही.

शेतीकर्जाचं तेच. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी केली. 75 जिल्हे, 600 गावं. अध्यक्ष गोरवाला होते आणि समितीत गाडगीळ होते. 1954 साली अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा किती निघाला असेल? फक्त 3.1 टक्के! सर्वांत मोठा वाटा सावकाराचा. याच अहवालाच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, 1 जुलै 1955 ला. आज आपला पगार ज्या बँकेत जमा होतो, तिच्या जन्माची गोष्ट अशी एका पाहणीत आहे.

गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत, हे मला जास्त आवडतं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे लोकांना काय मिळालं, याची पाहणी त्यांच्या संस्थेने 1948 साली प्रसिद्ध केली. त्याच प्रवरेच्या पट्ट्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले आणि पहिली दहा-एक वर्षं त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. आपल्याकडे वारणा-कृष्णाकाठी नंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांना हे लोणीचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं.

1967 साली ते दिल्लीला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत कोणत्या राज्याला किती, हे तोवर बरंचसं ओळखीपाळखी आणि वजनावर ठरतं अशी राज्यांची तक्रार असायची. गाडगीळांनी त्याला सूत्र दिलं. 60 टक्के लोकसंख्येवर. उरलेले चाळीस दहा-दहाने वाटलेले : दरडोई उत्पन्न कमी असलेली राज्यं, कर गोळा करण्याचे प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प, आणि राज्यांच्या खास अडचणी. 1969 ला चौथ्या योजनेत ते लागू झालं. पाठ करायला सोपं आहे, पण मुलांना सांगताना एवढं जरूर सांगा की गरीब राज्याला जास्त द्यायचं हे त्यात आकड्याने बांधून दिलं होतं. अर्थात दहा टक्के पुरेसे होते का, यावर वाद झाला आणि पुढे सूत्रही बदललं गेलं.

1971 साली त्यांनी ते पद सोडलं. दिल्लीहून पुण्याला परत येताना वाटेतच, 3 मे 1971 रोजी त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशात किती लोकांना पोटापुरतंही मिळत नाही, हे त्यांनी घराघरातल्या खर्चाच्या आकड्यांवरून मांडलं होतं. गोखले संस्थेचे संचालक तेव्हा दांडेकर होते.